‘तंबाखू खाता का?’ : लालबागच्या एका मावशींची हिरडीची शस्त्रक्रिया आणि घरचे चौदा दिवस

मावशींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकी सगळं घडलं तसं लिहिलं आहे, माझ्याकडून जे राहून गेलं त्यासकट. हिरडीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरात पुढचे दोन आठवडे कसे जातात, हे आम्हा डॉक्टरांना फारसं दिसत नाही. या वेळी मला ते दिसलं, तेही एका संध्याकाळी अचानक घरी जावं लागलं म्हणून.

पार्श्वभूमी

मावशी ५७ वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, लग्न झाल्यापासून लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, खोलीतच मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. घरात मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. मावशी आणि सून मिळून पोळी-भाजीचे डबे देतात. सकाळी नऊपर्यंत शंभर-सव्वाशे पोळ्या लाटून होतात. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन.

माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार एकच होती: खालचे उजवीकडचे मागचे दात शिवशिवतात, पोळीचा कडक काठ चावला की कळ येते. बोलता बोलता सून हळूच म्हणाली, “आईंच्या तोंडाला वास येतो म्हणून पोरगी आताशा त्यांच्या कुशीत झोपत नाही.” मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांना आणून बसवणारी खरी तक्रार तीच असावी.

दात आणि हिरडी यांच्यात बारीक फट असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल. मावशींच्या उजवीकडच्या तीन दाढांपाशी ती ६ ते ७ निघाली. एवढ्या खोलात ब्रश पोचत नाही. तिथं किटण साचतं, जंतू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. मधुमेहात हे लवकर होतं, आणि उलट हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात राहायला त्रास देते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ८.९ आली होती.

म्हणून आधी शस्त्रक्रियेचं नावही काढलं नाही. दोन बैठकांत दातांची मुळापर्यंत सफाई केली, त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी पाठवली. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ वर आली, पुढच्या दातांच्या हिरड्या घट्ट झाल्या. उजवीकडच्या तीन दाढा मात्र होत्या तिथंच.

शस्त्रक्रियेआधीचे पर्याय

मावशींचा स्वतःचा पर्याय सरळ होता. “काढून टाका बाई, कटकट मिटंल.” तिन्ही दाढा काढल्या असत्या तर उजवीकडून चावणं संपलं असतं आणि सगळा भार डावीकडे गेला असता. हाड अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होतं, दातही थोडेच हलत होते. असे दात काढायला माझा हात धजत नाही.

दुसरा पर्याय, शस्त्रक्रिया टाळून दर तीन महिन्यांनी सफाई करत राहणं. त्यात अडचण अशी की ७ मिलिमीटर खोल फटीच्या तळाशी, दाढेच्या मुळांच्या बेचक्यात, अवजार अंदाजानं फिरवावं लागतं. तिसरा पर्याय फ्लॅप शस्त्रक्रिया: हिरडी थोडी उचलायची, मुळं डोळ्यांनी पाहून साफ करायची, हिरडी परत जागेवर बसवून टाके घालायचे. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हे काम बरंच कमी खर्चात होतं, तेही सांगितलं. मुलानं हिशेब मांडला. फेऱ्या वाढल्या की डब्यांचे खाडे वाढणार. माझं क्लिनिक दोन गल्ल्यांवर. इथंच करायचं ठरलं.

यानंतरचा क्षण मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आहे. जखम भरायला रक्तपुरवठा लागतो आणि निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न विचारावाच लागतो. मी विचारला.

“मावशी, तंबाखू खाता का?”

“छ्या! आमच्यात बायका न्हाई खात.”

तंबाखू, गुटखा, धूम्रपान, तिन्ही चौकटींत मी ‘नाही’ लिहिलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत, पांढुरकी, सुरकुतलेली पट्टी मला दिसली होती. गाल चावला जात असेल अशी नोंद करून मी पुढं गेले. त्यांचं उत्तर आणि ती पट्टी यांचा एकमेकांशी संबंध लावणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस आणि हातात दिलेला कागद

सोमवारी सकाळी अकराला मावशी नाश्ता करून, गोळ्या घेऊन आल्या. सव्वा तासात काम झालं. टाके घालून वर गुलाबी पॅक बसवला. हा झिंक ऑक्साइडचा लेप असतो. मळून दाबला की थोड्या वेळात घट्ट होतो आणि आठ-दहा दिवस जखमेवर पांघरुणासारखा राहतो. मावशींनी जिभेनं चाचपून सुनेला सांगितलं, “कणीक लावलीय.”

मग नेहमीप्रमाणे छापील कागद दिला. मराठीतच होता. स्ट्रॉनं काही पिऊ नका. जड काम करू नका. मऊ आहार घ्या. पहिले २४ तास जोरात गुळण्या करू नका. तंबाखू व धूम्रपान टाळा. रक्त आल्यास ओली चहाची पिशवी दाबून धरा. मी वाचून दाखवला, सुनेनं घरी नेऊन फ्रिजवर लावला.

पहिला दिवस त्यांनी फार छान काढला. बधिरपणा तीनेक तास राहतो. तोवर काही खाल्लं नाही, कारण बधिर ओठ आणि गाल चावले गेले तरी कळत नाहीत. वेदनेची पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आत घेतली. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची म्हणजे तासभर कळा सोसायच्या, एवढं सुनेच्या लक्षात राहिलं होतं. रुमालात बर्फ बांधून गालावर बाहेरून पंधरा मिनिटं धरायचा, पंधरा मिनिटं काढायचा, असं रात्रीपर्यंत चाललं. बर्फाचा उपयोग पहिल्या दिवशीच. मावशी उशाला दोन उशा घेऊन टेकून झोपल्या. जेवण म्हणजे गार ताक आणि कोमट मऊ भात.

माझा त्या रात्रीचा फोन दोन मिनिटांत संपला. सगळं बरं आहे म्हणाल्या.

दुसरी सकाळ : पाणी

मंगळवारी पहाटे पाच चाळीसला फोन. “मॅडम, आईंच्या तोंडातून रक्त येतंय, मोरी लाल झालीय.”

चाळीत पहाटे पाणी येतं. मावशी तीस वर्षांच्या सवयीनं उठल्या, वाकून दोन कळश्या आणि एक हंडा भरून पिंपात ओतला, मग मोरीत बसून रोजच्यासारख्या खाकरल्या आणि दणदणीत चुळा भरल्या. कागदावर ‘जड काम’ लिहिलं होतं. नंतर मी विचारलं तेव्हा मावशी मनापासून म्हणाल्या, “पाणी भरणं काम कुठाय? काम पोळ्यांचं. त्यांना सुट्टीच दिलीय.” आणि कागदावर ‘गुळण्या’ होतं. गुळणी म्हणजे मान वर करून घशात घोळवायची, मीठ-पाण्याची. चूळ वेगळी.

फोनवर निर्णय घ्यायचा होता: लगेच बोलवायचं की घरी थांबवून बघायचं? लाळेत मिसळलेलं थोडं रक्तही पेलाभर दिसतं, आणि पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबी असणं ठीकच असतं. मी एकच गोष्ट विचारली. थुंकणं थांबवून तोंड उघडलं तर रक्त साचताना दिसतं का? थोडं साचत होतं. मग सांगितलं, ताठ बसवा, चहाची पिशवी ओली करून जागेवर ठेवा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं घट्ट दाबून धरा.

“पिशवी? मॅडम, आमच्याकडं चहा पावडर आहे, डब्यातली.”

अर्थात. चहातलं टॅनिन रक्त धरायला मदत करतं हे बरोबर, पण चाळीतल्या घरात चहाची पिशवी कुठून येणार? क्लिनिकमधून दिलेल्या गॉजच्या दोन घड्या शिल्लक होत्या, त्या ओल्या करून दाबायला सांगितल्या. मध्ये उचलून बघायचं नाही, थुंकायचं नाही. वीस मिनिटांनी थांबलं नाही तर पुन्हा वीस मिनिटं, आणि तरीही थांबलं नाही तर मी क्लिनिक उघडते. पहिल्याच खेपेला थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा पहाटे उठून पाणी भरू लागला. आणखी एक गोष्ट सुनेनंच विचारली, तिचं मला आजही कौतुक वाटतं: “मॅडम, स्ट्रॉ चालत नाही ना, मग बशीतून फुरके मारलेले चालतात का?” स्ट्रॉ त्या घरात कुणी वापरतच नव्हतं. फुरका मात्र दिवसातून चार वेळा. ओढून पिताना तोंडात जी ओढ बसते तीच नको असते, त्यामुळे फुरकाही नको. चहा कोमट करून, कपानं, हळू.

बुधवार सुजेत गेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते, हे आधी सांगितलेलं असल्यानं कुणी घाबरलं नाही. क्लोरहेक्सिडिनचं, म्हणजे तोंडातले जंतू मारायचं, औषध २४ तासांनंतर सुरू केलं होतं: १० मिली, तोंडात धरून मान या-त्या बाजूला कलती करायची आणि मिनिटभरानं नुसतं खाली सोडून द्यायचं, पचकन थुंकायचं नाही.

चौथी संध्याकाळ

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला सुनेचा फोन आला. आईंना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत. मी क्लिनिक बंदच करत होते. ग्लुकोमीटर पिशवीत टाकला आणि गेले.

त्या दिवशी संकष्टी होती. मावशी वर्षानुवर्षं संकष्टी करतात, चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाहीत. सकाळची गोळी नियमानं घेतली होती. एरवी दुपारी साबुदाण्याची खिचडी असते; आज दाण्याचा कूट दाताखाली येईल म्हणून तीही खाल्ली नाही. कागदावर ‘मऊ आहार’ होतं आणि खिचडी मऊ नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. दिवसभरात दोन कप बिनसाखरेचा चहा. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं. साखर ६१ निघाली. ७० च्या खाली गेली की वाट बघायची नसते.

तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून दिली. उपासाला साखर चालते म्हणून त्यांनी ती लगेच घेतली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची होती. तेवढ्यात हात धुवायला मोरीपाशी गेले.

कट्ट्यावर एका पेल्यात ब्रश उभे होते. त्यातला मावशींचा, मीच दिलेला, मऊ केसांचा, अगदी कोरा. शेजारी एक पितळी डबी, बोटभर उंचीची, झाकण अर्धवट लावलेलं. आत काळी पूड. वास घेतला आणि मागं वळून मावशींच्या हाताकडं पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी, नखाच्या कडेपासून पहिल्या पेरापर्यंत, काळपट तपकिरी. चार महिने त्या माझ्या खुर्चीत बसत होत्या आणि ते बोट दर वेळी हाताच्या अंतरावर होतं.

“मावशी, मिश्री लावता?”

“लावते की.” लपवाछपवी काही नाही. “न्हानपणापासनं.”

“मी तंबाखूचं विचारलं होतं ना?”

“मिश्री म्हंजे तंबाखू खाणं झालं का बाई? ती दात घासायची.” मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाल्या, “आणि ह्या बाजूला न्हाई लावली हो. तुमी सांगितलंय तिकडं हात लावायचा न्हाई. समदी डावीकडंच लावली.”

माझं सांगणं त्यांनी शब्दशः पाळलं होतं.

पंधरा मिनिटांनी साखर ८८ झाली. आता लगेच काही खाणं भाग होतं आणि चंद्रोदयाला दीड तास होता. मुलगा चिडला, “उपास सोड आधी!” मावशी मान हलवेनात. इथं भांडण करण्यात मला अर्थ दिसला नाही. वरीचे तांदूळ घरात होते. सुनेनं दसपट पाण्यात अगदी आसट शिजवले, ताक घालून मावशींनी वाटीभर खाल्ले. उपासही राहिला, जखमेलाही टोचलं नाही. निघताना साखर ११६ होती. फिजिशियनना मी तिथूनच फोन लावला. खाणं कमी असेल त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते त्यांनी सुनेला स्वतः सांगितलं.

मिश्रीनं नेमकं काय बिघडतं

तंबाखूची पानं तव्यावर करपेपर्यंत भाजून पूड केली की मिश्री होते. कोकणात आणि मुंबईत मशेरीही म्हणतात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावरच्या मिश्रीला कोण अडवणार? बायकांच्या लेखी ती व्यसनात मोडतच नाही. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही खात्री तर पिढ्यान्‌पिढ्यांची.

डावीकडं लावली म्हणून उजवीकडची जखम सुटत नाही. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं आणि रक्त सगळीकडं फिरतं. पूडही लाळेबरोबर पसरते. शिवाय निकोटिननं रक्तवाहिन्या आकसल्या की हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं. त्यामुळेच कदाचित मावशींना इतकी वर्षं वाटत राहिलं की आपल्या हिरड्या ठीक आहेत.

पाचवा दिवस : पुढं काय करायचं

शुक्रवारी सकाळी क्लिनिकमध्ये पॅक पाहिला. मागच्या कडेखाली काळी रेघ होती. पॅक तसाच ठेवायचा की काढायचा? नव्या जखमेवरचं पांघरूण पाचव्या दिवशी काढणं मला आवडत नाही, पण कडेखाली पूड आणि अन्न अडकलेलं सोडणं त्याहून वाईट. काढला. सलाइननं धुतलं. दोन दाढांपाशी हिरडी छान चिकटली होती. शेवटच्या दाढेमागं कड राखाडी, सुटलेली. हाड उघडं नव्हतं म्हणून पुन्हा टाके घातले नाहीत, नवा पॅक बसवला. टाके दहाव्याऐवजी बाराव्या दिवशी काढायचं ठरवलं.

मिश्रीचा प्रश्न जास्त अवघड निघाला. आदल्या रात्री मी गेल्यावर मुलानं डबी कचऱ्यात फेकली होती. मावशींनी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच सांगितलं की पहाटे शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली. डबी फेकून काही साधलं नव्हतं, उलट आता ती चोरून लावायची वस्तू झाली असती. आणि चोरून लावलेली मला कधीच कळली नसती.

तलफ कमी करायला कातडीवर चिकटवतात त्या निकोटिन पॅचबद्दल फिजिशियनशी बोलले. आठवडाभर पाहू, मग ठरवू असं ते म्हणाले. निकोटिनचं च्युइंग गम चावायचं असतं, ते या जखमेत शक्यच नव्हतं. तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मोफत क्रमांकावर, १८००-११-२३५६ वर, मुलानं फोन लावून दिला. पण मला सर्वांत उपयोगी पडला तो साधा प्रश्न: मावशी, दिवसात केव्हा केव्हा लावता? तीन वेळा निघाल्या. उठल्याबरोबर, डबे गेल्यावर नऊला, आणि दुपारच्या जेवणानंतर. पहाटेसाठी दोन पेले कोमट पाणी, गॅलरीत फेऱ्या आणि फिजिशियनना विचारून रात्री इसबगोल. बाकी दोन वेळांना काय, ते मावशींनीच शोधलं. “बोटाला चाळा लागतो बघा,” म्हणाल्या, आणि कापूस घेऊन वाती वळायला बसल्या. वाकायचं नाही, तोंडात काही नाही, आणि तर्जनी गुंतलेली. तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात पाच-सहा वाती होतात.

पहिले चार दिवस वाईट गेले. डोकं चढलं, नातीवर ओरडल्या, एका रात्री झोपल्याच नाहीत. सुनेला मी सांगून ठेवलं होतं की हे होणार आणि उतरणार. तिनं रात्री उठून त्यांना दूध कोमट करून दिलं.

बारावा ते चौदावा दिवस

बाराव्या दिवशी पॅक आणि टाके काढले. शेवटच्या दाढेमागची कड लाल होती पण भरत आलेली. मावशींनी आरसा मागितला आणि दचकल्या, “दात लांब झाले!” दात तेवढेच होते, सूज गेल्यानं हिरडी खाली बसली होती. हेही आधी सांगायला हवं होतं. मुळाचा थोडा भाग उघडा पडतो, म्हणून माठातलं पाणीही काही आठवडे झणझणतं. त्यासाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली.

चौदाव्या दिवसापासून त्या बाजूला अतिमऊ ब्रश सुरू केला. बाकी दात तर दुसऱ्या दिवसापासूनच घासायचे होते. इथं लक्षात आलं की मावशींना ब्रश धरताच येत नाही, आयुष्यभर बोटानं घासलेलं. त्या ब्रश मुठीत धरून आडवा ओढत होत्या. पेन धरल्यासारखा धरून हिरडीकडून दाताकडं हळू फिरवायला शिकवलं, नातीनं शेजारी उभं राहून दाखवलं. पेस्ट आणि क्लोरहेक्सिडिन यांत निदान अर्धा तास ठेवायला सांगितलं, नाहीतर पेस्टमधला फेस आणणारा घटक औषधाचं बळ घालवतो.

परिणाम

तीन महिन्यांनी फटी मोजल्या. त्याआधी मोजणीची सळई घालत नाही, कोवळी जोडणी उचकटते. दोन दाढा ३ मिलिमीटरवर आल्या, हलणं थांबलं. शेवटची दाढ ५ वर अडली. ज्या जागी कड सुटली होती तीच ही. ती मिश्रीमुळेच सुटली असं छातीठोक सांगता येणार नाही, कारण शेवटच्या दाढेमागं जखम भरायला तशीही वेळ घेते आणि साखरही होतीच. पण माझा संशय तिकडंच आहे. औषधानं आणि चहानं दातांवर आलेले तपकिरी डाग पॉलिशनं गेले.

गालाआतल्या पांढऱ्या पट्टीची मला जास्त काळजी होती. मिश्री थांबूनही ती फिकी पडत नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचं, असं घरच्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात फिकी पडली, सहाव्या आठवड्यात जवळपास दिसेनाशी झाली. तरी दर भेटीत गाल उलटून बघते.

मिश्री १९ दिवस पूर्ण बंद होती. मग वर्षश्राद्धाला गावी गेल्या, तिथं जावांबरोबर दोन दिवस लावली. परत आल्यावर मला येऊन सांगितलं. पुन्हा बंद केली. तीन महिन्यांच्या भेटीत म्हणाल्या, मुंबईत नाही लावत, गावी हात राहत नाही. मी तेवढंच लिहून घेतलं. नात मात्र पुन्हा आजीजवळ झोपते, असं सून सांगत होती.

आज पुन्हा वेळ आली तर

शस्त्रक्रियेचा निर्णय मी बदलणार नाही, तारीख बदलेन. मिश्री आधी कळली असती तर महिनाभर थांबले असते, आधी ती सोडवायला बसले असते आणि ब्रश धरायलाही तेव्हाच शिकवलं असतं. आता फॉर्मवरचा पहिला प्रश्न ‘दात कशानं घासता?’ हा आहे. तंबाखूचा प्रश्न त्यानंतर, आणि तोही लावता, चघळता, ओढता असा प्रत्येक क्रियापदासकट. आणि नाडी बघताना बोटंही बघते.

कागद सुनेला समोर बसवून पुन्हा लिहिला. ‘जड काम’ काढून टाकलं. तिथं लिहिलं की तीन दिवस पाणी भरू नका, वाकून फरशी पुसू नका, पीठ मळू नका. ‘स्ट्रॉ’च्या जागी फुरका. ‘गुळणी’च्या शेजारी चूळ आणि खाकरणं. चहाची पिशवी गेली, तिच्याऐवजी गॉजच्या सहा घड्या आम्हीच पुडीत देतो. मऊ आहारापुढं मुगाची पातळ खिचडी, पेज, नाचणीची आंबील, वरणात कुस्करलेला भात, आणि वेगळ्या ओळीत: फोडणीची मोहरी, तीळ, खसखस, शेंगदाणे, चिवडा दोन आठवडे नको. सुनेचा आग्रह होता की बऱ्याच सासवांना वाचता येत नाही, म्हणून हेच तिच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केलं. आता तीच ध्वनिफीत आम्ही सगळ्यांना पाठवतो.

मधुमेहाची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या फिजिशियनना आता शस्त्रक्रियेआधीच विचारते: हे माणूस दोन दिवस निम्मंच जेवलं तर कुठली गोळी किती द्यायची? चौथ्या दिवशी, घाम फुटल्यावर, विचारायची ही गोष्ट नव्हे.

शेवटच्या दाढेची ५ मिलिमीटरची जागा अजून डोक्यात आहे. सध्या दर तीन महिन्यांनी सफाई आणि दातांच्या फटीतला बारीक ब्रश, एवढ्यावर ठेवली आहे. परवा पुढची तारीख द्यायला भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं, संकष्टी टाळली आणि मावशींना वेळ विचारली. त्या दिवशी पाणी उशिरा येणार आहे, मुलगा लवकर जाणार, तेव्हा दहानंतर द्या, म्हणाल्या. सव्वादहा लिहिलं.